चौदाव्या परिच्छेदातली बायको

इद्रिसचं लग्न मी लावलं. नुसतं लग्न नाही, त्याला दोन मुलंही दिली, दोन्ही अल्पवयीन. त्याला विचारलं नाही, त्याच्या घरच्यांना विचारलं नाही. हायकोर्टात दाखल केलेल्या याचिकेत, चौदाव्या परिच्छेदात, शपथेवर! आणि हे मला कळलं कधी, तर सरकारी वकिलांचं उत्तर हातात पडल्यावर.

थांबा, फारच पुढे गेले. माझं असंच होतं, बोटं आधी धावतात आणि डोकं मागून येतं. या सगळ्या गोष्टीचं मूळही तेच आहे म्हणा.

मी गार्गी, नागपूरची. वकिली शिकायला बंगळुरूला आले आणि इथलीच झाले. बनशंकरीला पीजीत राहते, सकाळी मेट्रोनं राजाजीनगरला अक्कांच्या ऑफिसात. अक्का म्हणजे माझ्या सीनियर. त्यांचं घराणं इथे कित्येक पिढ्यांचं. घरी मराठीच बोलतात, पण माझी आई पहिल्यांदा त्यांना भेटली तेव्हा बाजूला घेऊन मला म्हणाली, "चांगल्या आहेत गं, पण त्यांना मराठी शिकव थोडं." अक्कांनी ऐकलं. म्हणाल्या, "सरी, शिकते. स्वल्प वेळ द्या, साडेतीनशे वर्षंच झाली येऊन!" (सरी म्हणजे कन्नडमध्ये 'बरं'.)

आम्ही निर्वासितांच्या केसेस चालवतो. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत हे सांगितलं की हमखास एक जण कोपऱ्यात गाठतो. मागच्या वर्षी पुण्याहून आलेला एक आयटीवाला दादा प्रसादाची वाटी हातात घेऊन म्हणाला, "रिजेक्ट झालेल्या केसेस तुम्हीच घेता ना? माझा अमेरिकेचा व्हिसा रिजेक्ट झालाय." मी म्हटलं, "दादा, तुम्हाला इथे जिवाला धोका आहे का?" तो गंभीरपणे म्हणाला, "सध्याच्या मॅनेजरकडून आहे."

तर नीट सांगते. समजा कोणी आपला देश सोडून आलाय, कारण परत गेला तर मारला जाईल. आपल्याकडे अशा माणसासाठी वेगळा कायदाच नाही! परदेशी नागरिकांसाठीचा जो कायदा आहे त्यात फिरायला आलेला, शिकायला आलेला, व्हिसा संपूनही राहिलेला आणि जीव वाचवून पळालेला, सगळे एकाच रांगेत. निर्वासितांची नोंद करणारी एक संस्था आहे, ती मुलाखत घेते. ती "नाही" म्हणाली की हातात काही उरत नाही. मग एक दिवस सरकारी ऑफिसातून नोटीस येते, चौदा दिवसांत देश सोडा. तिथून आमचं काम सुरू.

आम्ही हायकोर्टात जाऊन म्हणतो, आपल्या घटनेत जगण्याचा हक्क फक्त नागरिकाला दिलेला नाही, प्रत्येक व्यक्तीला दिलाय. जिथे जीव जाईल तिथे माणसाला परत ढकलायचं नाही, हे त्याच हक्कात येतं. काही कोर्टांनी हे मानलंय, काहींनी नाही. म्हणून दर वेळी पहिल्यापासून भांडायचं. आणि एक गोष्ट लोकांना पटत नाही, पण कोर्ट "हा माणूस खरं बोलतोय का" हे ठरवतच नाही! बोर्डाच्या पेपरचं रीचेकिंग असतं ना, तसं समजा. पेपर पुन्हा लिहायला मिळत नाही. तपासणाऱ्यानं सगळी पानं उलटली का, मार्क कशाला कापले ते लिहिलं का, एवढंच बघतात.

पण माणूस एकदा खोटारडा ठरला की रीचेकिंगलाही कोणी उत्साहानं बसत नाही. इद्रिसच्या बाबतीत हेच होतं.

इद्रिस सुदानचा. बंगळुरात फार्मसी शिकत होता, होसकोटेजवळ मित्रांबरोबर खोली घेऊन. सुट्टीत घरी गेला आणि तिथे युद्ध पेटलं. गावच्या दवाखान्यात हातून होईल ती मदत करायला लागला. एका टोळीनं त्याला उचलून शाळेच्या वर्गात तीन दिवस डांबलं, दवाखान्याची औषधं कुठे लपवलीत ते विचारत. तिसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं. सुटला, कसाबसा इथे परत आला. पण औषधं गेली, आणि आता ती टोळी त्याला ओळखते आणि गावातले त्याला फितूर समजतात. इथे आला तर वर्ष बुडालेलं, कॉलेजनं नाव कमी केलेलं, पुढे व्हिसाही संपला.

पहिल्या मुलाखतीत त्यानं ते तीन दिवस सांगितलेच नाहीत. फोनवरचा दुभाषा बोलायला लागला आणि इद्रिसनं ओळखलं, हा आपल्याच भागातला आहे. आपण औषधं दाखवून दिली हे त्याच्या कानावर कसं घालणार? दुसऱ्या मुलाखतीला दुभाषा वेगळा होता, तेव्हा सांगितलं. निकालात आलं, "आधी न सांगितलेली घटना नंतर रचलेली दिसते." अर्ज नामंजूर. मागोमाग नोटीस.

पहिल्या दिवशी तो आमच्याकडे आला तेव्हा खुर्चीच्या टोकावर बसला होता. अक्कांनी त्याच्यापुढे फिल्टर कॉफी ठेवली आणि म्हणाल्या, "आधी पी. मग पहिल्यापासून सांग." तीन तास लागले. मी लॅपटॉपवर सगळं टिपलं. चौदातले नऊ दिवस संपले होते.

आता अक्कांचा एक नियम. याचिका तयार झाली की पक्षकाराला समोर बसवून ती मोठ्यानं वाचायची, एकेक ओळ. मग त्यानं कागद न बघता सगळं आपल्या शब्दांत परत सांगायचं. कुठे अडखळला, कुठे "असं नाही मॅडम" म्हणाला, की ती ओळ बदलायची. मगच सही. शिकलेला असो की अडाणी, प्रोफेसर असला तरी सुटका नाही. मला हे फार कंटाळवाणं वाटायचं. अख्खा अर्धा दिवस जातो हो त्यात!

त्या दिवशी अक्का म्हैसूरला गेल्या होत्या. फायलिंगचा काउंटर बंद व्हायला दीड तास होता, आणि प्रतिज्ञापत्रावर शिक्का मारणारे साहेब पेन खिशाला लावून उठायच्या बेतात. मी काय केलं, आधीच्या एका अफगाण कुटुंबाची याचिका उघडली, नावं बदलली, देश बदलला, तारखा बदलल्या, इद्रिसची हकीकत टाकली. कायद्याचे परिच्छेद तेच ठेवले. मधे एक परिच्छेद होता, "याचिकाकर्त्याला परत पाठवल्यास त्याची पत्नी व दोन अल्पवयीन मुले निराधार होतील." तो कायद्याच्या परिच्छेदांत असा मिसळून बसला होता की माझ्या नजरेला पडलाच नाही. इद्रिसला इंग्रजी उत्तम येतं, म्हणून वाचून दाखवलं नाही. "इथे सही, इथे सही, इथे सही," एवढंच. त्यानं विचारलं, "मॅडम, वाचू का एकदा?" मी म्हटलं, "अरे वेळ नाही, माझ्यावर विश्वास आहे ना?"

तो म्हणाला, "आहे." आणि सह्या केल्या.

पहिल्याच तारखेला कोर्टानं नोटिशीला स्थगिती दिली. मी आनंदानं वेडी! घरी फोन, मैत्रिणींना फोन, इद्रिसला तर पायऱ्यांवर उभी राहून ओरडून सांगितलं. तीन आठवड्यांनी सरकारचं उत्तर आलं. कोर्टाच्या कँटीनमध्ये इडली समोर ठेवून मी ते वाचत होते. सहाव्या पानावर लिहिलं होतं, याचिकाकर्ता दोन्ही मुलाखतींत अविवाहित असल्याचं सांगतो. आता शपथेवर त्याला पत्नी आणि दोन मुलं आहेत. दर वेळी याची कहाणी वाढते. अशा माणसाला कोर्टानं दिलासा देऊ नये.

मी फोन लावला. "इद्रिस, तुझं लग्न झालंय?"

"काय? कोणाशी?"

"मुलं आहेत का तुला?"

"मॅडम, तुमची तब्येत बरी आहे ना?" आणि तो हसायला लागला. मी हसले नाही. मग तोही थांबला. मी परिच्छेद वाचून दाखवला. पलीकडे बसचे हॉर्न वाजत होते. त्यातून तो अगदी हळू म्हणाला, "ज्या दिवशी खरं लपवलं त्या दिवशी मी खोटा ठरलो. ज्या दिवशी सगळं सांगितलं त्या दिवशीही खोटा ठरलो. या वेळी तर मी काही बोललोच नव्हतो, मॅडम."

इडली तशीच टाकून मी राजाजीनगर गाठलं.

रस्त्यात मी उपाय शोधला होता. "अक्का, अर्ज टाकू. टायपिंगची चूक झाली, परिच्छेद वगळण्याची परवानगी द्यावी. दोन ओळींत काम होईल."

अक्कांनी चष्मा काढला. चष्मा काढला की समजायचं. "टायपिंगची चूक कशाला म्हणतात गं? पन्नासचे पाचशे झाले, ती टायपिंगची चूक. अख्खी बायको येते होय टायपिंगनं?"

"पण अक्का..."

"वाचून दाखवलं होतंस?"

"त्याला इंग्रजी येतं..."

"मी ते विचारलं नाही."

"नाही दाखवलं."

"सरी." त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या. मला वाटलं आता बॅग उचलायला सांगतात. "दोन ओळींचा अर्ज टाकलास तर जज काय समजतील? पकडला गेला म्हणून आता मागे घेतोय. शिक्का त्याच्यावरच राहील. चूक तुझी आहे, तर शपथेवर तू सांग. तुझं प्रतिज्ञापत्र. काय केलंस, कुठून उचललंस, का वाचलं नाहीस, सगळं."

सनद मिळून दोन वर्षं झालेली. हायकोर्टाच्या रेकॉर्डवर कायमचं राहणार की ही बाई न वाचता सह्या घेते! मी म्हटलं, "अक्का, माझं करिअर..."

"अय्यो, तुझं करिअर कुठे पळतंय? फार तर जज रागावतील. त्याला तिकडे पाठवलं तर रागावून थांबणार आहेत का ते लोक?"

मग मी लिहायला बसले. आणि सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मी सावकाश टाईप केलं. जुन्या याचिकेचं ते पान जोडायचं होतं, शब्द न शब्द तोच आहे हे दिसावं म्हणून. त्या अफगाण कुटुंबाची परवानगी घ्यायला फोन केला, नाव-गाव काळं करते म्हणून सांगितलं. त्या घरातल्या बाईंनी हिंदीत विचारलं, "आमच्या कागदानं कोणाचं भलं होणार आहे का?" मी म्हटलं, "होईल असं वाटतंय." त्या म्हणाल्या, "मग दोन पानं घ्या!"

प्रतिज्ञापत्र दिलं म्हणजे मी त्या केसमध्ये साक्षीदारासारखी झाले, आणि वकिलानं आपल्याच केसमध्ये साक्षीदार व्हायचं नसतं. म्हणून वकालतनाम्यातून माझं नाव काढलं. सुनावणीच्या दिवशी मी मागच्या बाकावर, इद्रिसच्या शेजारी. तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून होसकोटेहून दोन बस बदलून आला होता. अक्का एकट्या पुढे.

सरकारी वकील हुशार माणूस. चांगलेही आहेत, कँटीनमध्ये नेहमी माझ्यासाठी जागा धरतात. पण त्या दिवशी नाही. "मिलॉर्ड, पहिल्या मुलाखतीत एक कहाणी, दुसरीत दुसरी, याचिकेत तिसरी. आता म्हणतात वकिलाची चूक. या माणसाच्या कुठल्या वाक्यावर विश्वास ठेवायचा?"

जजसाहेबांनी माझं प्रतिज्ञापत्र उचललं. वाचलं. पूर्ण वाचलं, पान उलटून जोडलेला कागदही बघितला. मग विचारलं, "ह्या वकीलबाई कोर्टात आहेत का?"

मी उभी राहिले.

"याचिका तुम्ही तयार केलीत?"

"हो, मिलॉर्ड."

"वाचली होती?"

"टाईप केली होती, मिलॉर्ड." कोर्टात हशा. मी घाईनं म्हटलं, "वाचली नव्हती. त्यांनी वाचायला मागितली होती, मी दिली नाही."

हशा थांबला. जजसाहेबांनी प्रतिज्ञापत्र खाली ठेवलं. "हे लिहून द्यायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी अक्कांकडे बघितलं. त्या समोर बघत होत्या, जणू आमची ओळखच नाही. "माझ्या सीनियरनी. पण आज विचाराल तर मी स्वतःच दिलं असतं."

"बसा. आणि यापुढे वाचत जा."

मग त्यांनी फाईलमधून दुसरा कागद काढला. देश सोडण्याची नोटीस. एक पान. ती त्यांनी सरकारी वकिलांच्या दिशेनं धरली. "हे छापील आहे?"

"नमुना ठरलेला आहे, मिलॉर्ड."

"नाव, पासपोर्ट नंबर आणि तारीख, एवढं शाईनं भरलंय. बाकी सगळं छापलेलं. यात त्यांची भीती काय आहे, ती ऐकून घेतली का, ती का पटली नाही, एकही ओळ?"

"संस्थेनं त्यांचा अर्ज आधीच नामंजूर केला होता, मिलॉर्ड."

"संस्थेनं केला. तुमच्या अधिकाऱ्यानं काय केलं? या वकीलबाईंनी दुसऱ्याचा कागद उचलून यांना चिकटवला, तर तुम्ही म्हणता विश्वास ठेवू नका. तुमची नोटीस तर हजार जणांना चिकटवता येईल असा कागद आहे. फरक एवढाच, त्यांनी चूक कबूल केली."

मी इद्रिसचा हात धरला. की त्यानं माझा, आठवत नाही. इंग्रजी त्याला उत्तम येतं, पण कोर्टाचं पुटपुटणं कळायला वेगळे कान लागतात. तो कुजबुजला, "चांगलं चाललंय की वाईट?" मी म्हटलं, "श्श!"

अक्का त्या दिवशी जेमतेम दहा मिनिटं बोलल्या. त्यांनी एवढंच सांगितलं, "मिलॉर्ड, हा खरं बोलतोय असा निकाल आम्ही मागत नाही. तीन दिवसांची गोष्ट त्यानं आधी का लपवली, हे आजवर त्याला कोणीच विचारलेलं नाही. एकदा विचारा. मग काय ते ठरवा."

आदेश तिथेच सांगितला गेला. नोटीस रद्द. अधिकाऱ्यानं याचिकाकर्त्याला समोर बसवून ऐकावं, त्याच्या भाषेचा, पण त्याला चालेल असा दुभाषा द्यावा, कारणांसह नवा निर्णय घ्यावा. तोवर त्याला देशाबाहेर पाठवू नये. चौदावा परिच्छेद वगळण्यात येत आहे, त्याचा दोष याचिकाकर्त्याला लागणार नाही. माझ्याबद्दलही एक ओळ आहे त्यात. ती मी आईला अजून दाखवलेली नाही.

सगळ्याच केसेस अशा होत नाहीत. एक बाई होत्या, आम्ही कागद जमवत होतो आणि त्या थकून स्वतःच निघून गेल्या. जाताना फोनवर म्हणाल्या, वाट बघायची ताकद संपली. त्यांची फाईल अजून माझ्या कपाटात आहे, बंद करायला हात धजत नाही. तेव्हा आपण जिंकतोच असं मी म्हणत नाही. पण जिंकता येतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय!

नवीन सुनावणीसाठी इद्रिसनं आपलं निवेदन स्वतः लिहिलं. हातानं, अठरा पानं. आमच्या ऑफिसात बसून त्यानं ते मोठ्यानं वाचलं, मग कागद पालथा घालून परत सांगितलं. शाळेच्या वर्गापाशी आला आणि थांबला. मी म्हटलं, "हवं तर इथे एवढंच लिहू, की दबावाखाली माहिती दिली."

"नको. 'मी सांगितलं' असंच राहू दे. नाहीतर तेही तुमचं वाक्य होईल."

सरकारी ऑफिसात सुनावणी झाली तेव्हा अक्का आणि मी भिंतीपाशी बसलो होतो, बोलायची परवानगी नव्हती. अधिकारी पन्नाशीचे, आधी घड्याळ बघत होते. इद्रिसनं त्या तिसऱ्या दिवसाचं सांगितलं आणि त्यांनी लिहिणं थांबवलं. विचारलं, "हे पहिल्यांदा का नाही सांगितलं?" एवढा साधा प्रश्न! इद्रिस म्हणाला, "ऐकणारा माझ्या गावाजवळचा होता, सर. मला लाज वाटली." अधिकाऱ्यांनी कन्नडमध्ये शिपायाला पाणी आणायला सांगितलं आणि पेन उचलून म्हणाले, "सावकाश सांगा. मी सगळं लिहून घेतो."

दोन महिन्यांनी निर्णय आला. चार पानी, कारणांसह. तिकडची परिस्थिती पाहता परत पाठवणं योग्य नाही, एक वर्ष राहायची परवानगी, पुढे नूतनीकरणाचा विचार होईल. एक वर्ष म्हणजे कायमचं नव्हे, मला माहीत आहे. पण त्या कागदाच्या जोरावर कॉलेजनं त्याला परत घेतलं. अक्कांनी त्या दिवशी सगळ्यांना मसाला डोसा खाऊ घातला आणि मला म्हणाल्या, "पुढची याचिका कधी वाचून दाखवतेस?"

हे लिहीत असतानाच इद्रिसचा मेसेज आलाय. लांबलचक, रागावलेला. फार्माकॉलॉजीच्या सरांनी त्याची हजेरी कमी लावली, इंटर्नल परीक्षेला बसू देत नाहीत, वर्गातल्या निम्म्या पोरांची हीच तक्रार आहे, सगळे मिळून प्रिन्सिपलकडे जाणार आहेत, आणि पुढारी म्हणून त्यालाच निवडलंय. शेवटी विचारतो, "मॅडम, हायकोर्टात जाता येईल का?"

मी उत्तर पाठवलं, "आधी वर्गात जाऊन बस."